भिंतीपलीकडची सिस्टर

अक्का,

कावळा लगेच शिवला. भटजी पिंड ठेवून नीट मागेही सरकले नव्हते, तोच नदीकाठच्या बाभळीवरून तो उतरला आणि भाताला चोच मारून मोकळा झाला. जमलेल्यांनी हात जोडले. काकू म्हणाली, "सुटनी बिचारी." आणि मला तुझा इतका राग आला की उपरणं झटकून मी तिथून उठलोच.

खोटं कशाला लिहू? मी तयारीने गेलो होतो. सगळे मला सांगत होते, अक्काचा जीव दवाखान्याच्या वार्डात गुंतलेला, कावळा सहज शिवायचा नाही, नाना, तुला काहीतरी कबूल करावं लागेल. मी मनात सगळं लावून ठेवलं होतं. काय कबूल करायचं, कुठपर्यंत ताणायचं, बदल्यात तुझ्याकडून काय घ्यायचं. केळीच्या बागांत उभा राहून आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला किती घाई आहे ते ओळखायचं. तुला घाई असेल असं मी धरून चाललो होतो. तू काहीच न मागता निघून गेलीस. सौदा करायला बसलेल्या माणसासमोरून कोणी असं उठून जातं का?

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. आबा गेले त्या दिवशी त्यांच्या खाटेजवळून मला उठवून तू एका परक्या माणसापाशी बसवलंस. ते बरोबर केलंस की चूक? एवढंच. एका शब्दाचं उत्तर होतं. भावाला बहिणीकडून, आणि तेही आपल्या बापाबद्दल, एक शब्द मिळू नये?

लोक आता तुझ्याबद्दल देवीबद्दल बोलावं तसं बोलतात. सरकारी दवाखान्याच्या फाटकावर तुझा फोटो लावलाय, इस्त्रीच्या कपड्यातला, हसरा. तू अशी कधी हसायचीस मला आठवत नाही. तू खवट होतीस. भाकरी जाड झाली तर आईला ऐकवायचीस, मी पैसे कमवायला लागलो तेव्हा "दलाल झालास" म्हणालीस. धुळ्याला नर्सिंग शिकायला तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्याच्या गाडीत केळीचे घड भरत होतो, खांद्यावर डाग पडलेल्या बनियनमध्ये. सुटीत आलीस की माझे खांदे बघायचीस, तेल लावायचीस आणि लावता लावता शिव्या द्यायचीस. आज चोपड्याहून माझ्या स्वतःच्या गाड्या निघतात. त्याचं कौतुक तुझ्या तोंडून एकदा ऐकलं, तेही दुसऱ्याला सांगताना. मी दाराआड होतो. लग्न तू केलं नाहीस. म्हणून पिंडही मीच दिला. त्याचंसुद्धा तुला काही नव्हतं, कावळ्याने दाखवून दिलं.

तुझ्या वार्डाचं मात्र मला कधी कळलं नाही, अजूनही कळत नाही. पुरुषांचा वार्ड. जितक्या खाटांचा म्हणून बांधला, त्याच्या दुपटीने माणसं त्यात. तापाची साथ आली की एका खाटेवर दोघं, बाकीचे व्हरांड्यात गाद्यांवर. आणि पाळीला तू एकटी. सोबतीला एक मावशी, ती झाडणार, चादरी बदलणार, गाडा ढकलणार. बदली होऊन गेलेल्या सिस्टरच्या जागी कोणी येत नव्हतं. कंत्राटावरच्या मुली यायच्या, पगार रखडला की निघून जायच्या.

आपल्याकडे माणूस दवाखान्यात एकटा जात नाही. त्याच्यामागे जीप भरून माणसं जातात. भाऊ, साडू, शेजारी, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोसुद्धा. येताना कळण्याच्या भाकरी आणि भरीत बांधून आणतात. दुसऱ्या सिस्टर ह्या गर्दीला हाकलायच्या. तू तिला कामाला लावलंस. आणि कामाला लावताना तुझा तो उफराटा नियम: आपल्या माणसापाशी बसायचं नाही. ह्याच्या भावाने त्याच्या सलाईनकडे बघायचं, त्याच्या जावयाने ह्याच्या श्वासाकडे.

मी विचारलं होतं, "हे काय खूळ?"

तू म्हणालीस, "आपला माणूस खोकला तरी लोक मला हाक मारतात. दुसऱ्याचा माणूस खोकला तर खोकू देतात, आणि खरंच काही झालं तरच हाक मारतात. मला एकटीला तेवढ्याच हाका पुरतात."

"आणि ज्याचं कोणीच नाही?"

"त्याच्यासाठीच तर आहे सगळं," तू म्हणालीस आणि निघून गेलीस. तुला कायम कुठेतरी जायचं असायचं.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून जी माणसं यायची, त्यांच्यामागे जीप थांबायची नाही. उतरवून परत जायची, कारण थांबलं तर दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. त्यांच्यापाशी बसायला माणूस कुठून आणायचा? ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांच्यातून. हिशोब मला पटला होता, अक्का. मी धंद्यातला माणूस आहे, जिथे जास्त तिथून उचलून जिथे कमी तिथे टाकायचं हे मला पटतं. फक्त जिथून उचलायचं ती खाट माझ्या बापाची नव्हती तोवर.

आबांना ताप आला, मग दम लागला. मी त्यांना थेट जळगावला न्यायला निघालो होतो. गाडी दारात उभी होती. आबाच म्हणाले, पोरगी शे ना तठे, तिच्याकडे चल. झालं. तू त्यांना पंख्याखालची खाट दिलीस, अर्धी. उरलेल्या अर्ध्यात एका चहावाल्याचे पाय. मी आणि माझी दोन पोरं असे तिघं आबांभोवती. तू आलीस, आमच्याकडे बघितलंस, आणि माझं तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "नान्या, तू तठे जाय. आबाकडे देखाले दुसरा शे."

घरात बोलतो ती बोली तू वार्डात कधी वापरायची नाहीस. त्या दिवशी वापरलीस. म्हणून मी गेलो. ते तुला माहीत होतं का? मी ऐकेन, म्हणून वापरलीस का? हेही विचारायचं राहिलं.

मला मिळाला सुरसिंग, व्हरांड्याच्या टोकाच्या गादीवर. शिरपूरच्या वरच्या कुठल्याशा पाड्यावरचा, हाडं मोजून घ्यावीत असा. बोलणं नाही. फक्त विडीसाठी सुई उपटायला बघायचा. मी त्याचा हात धरून बसलो. "ए बाबा, सुई काढलीस तर माझी बहीण तुला आणि मला दोघांना मारेल," मी म्हटलं. तो हसला. मला बरं वाटलं, ह्याचाच मला राग येतो. माझा बाप व्हरांड्याच्या पलीकडे श्वासाशी झगडत होता आणि मी परक्या माणसाला हसवत बसलो होतो.

आबांपाशी सलीमभाई होते, बाजारातले शिंपी. त्यांचा भाऊ तापाने पडला होता, त्याच्याकडे माझा मोठा मुलगा बघत होता. सलीमभाईंना मी दोष देत नाही. त्यांनीच मला नंतर सांगितलं, अंगणातल्या नळावर, तोंड धुता धुता. "नाना, मी हाक दिली. मग परत दिली. मग तर ओरडलोच." तू येऊ शकली नाहीस. वार्डाच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी झटके येत होते, तू त्याच्यावर वाकली होतीस. तू आलीस तेव्हा आबा गेले होते. डॉक्टर बाह्यरुग्ण विभागातून धावत आले, त्यांनी करायचं ते केलं.

मी पोचलो तेव्हा सलीमभाई आबांचे पाय धरून उभे होते. मग नळावर ते मला म्हणाले, "तुमचे वालिद मला तुम्ही समजले. म्हणजे नाही, तसं नाही. मला बघून म्हणाले, नाना जेवना का?"

नाना जेवला का. माझ्या बापाचं शेवटचं बोलणं माझ्याबद्दल, आणि ते मला शिंप्याकडून ऐकावं लागलं. सलीमभाईंनी ते आपल्याच बोलीत, आबांच्या आवाजात सांगितलं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडलो आणि तुझ्याशी बोलायचं बंद केलं.

बंद म्हणजे काय, भांडायचं तेवढं चालू ठेवलं. भाऊबीजेला तू यायचीस, ओवाळायचीस, आणि ताट खाली ठेवायच्या आत मी सुरू व्हायचो. मी तिथे असतो तर आबांना उचलून गाडीत घातलं असतं, डॉक्टरची कॉलर धरली असती, काहीतरी केलं असतं. तू म्हणायचीस, "हो, कॉलर धरली असतीस." बस. त्यात माफी होती की टोमणा, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि माझं दुसरं भांडण. ते मी अजूनही मागे घेत नाही. माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. घड झाडावर आहे तोवर शेतकऱ्याला भाव मागता येतो. कापून बांधावर ठेवला की संपलं, उन्हात तो काळा पडत जातो आणि व्यापारी चहा पीत बसतो. तू तुझा माल स्वतः कापून बांधावर ठेवला होतास, अक्का. सिस्टरची कमतरता आहे असं तू कोणाला दिसूच दिलं नाहीस. पाहणीला साहेब आले होते ते आठवतं? मी नेमका कोणाला तरी बघायला आलो होतो. ते तुझ्या वार्डातून फिरले. जिथे तिथे माणसं आपापल्या जागी बसलेली, गडबड नाही, बाटली संपली की हात वर. साहेब खूश. "नातेवाईकांचा सहभाग फार छान आहे हं, सिस्टर." आणि गेले.

मी तुला कोपऱ्यात गाठलं. "ओरडली का नाहीस? म्हणायचं होतं, दोन सिस्टर द्या, नाहीतर मी वार्ड बंद करते."

"बंद करून ह्यांना कुठे ठेवू? तुझ्या गोदामात?"

"एक दिवस कोणाला बसवू नकोस. होऊ दे गोंधळ. बघू दे त्यांना."

"आणि त्या एका दिवसात ज्याची बाटली रिकामी होईल त्याचं नाव तू सांग मला," तू म्हणालीस. "नाव सांग, नान्या. मग करते."

मला नाव सांगता आलं नाही. पण म्हणून माझं म्हणणं चूक होतं का? फुकटची माणसं मिळत असताना सरकार पगारी का देईल? मी अधीक्षकांकडे जाऊन टेबलावर हात आपटला. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या बहिणीची तर काही तक्रार नाही." मी तिथून निघालो तो सरळ तुझ्या क्वार्टरवर. तू मेथी निवडत होतीस. तुला सगळं सुनावलं. तू म्हणालीस, "तुन्हं तोंड म्हणजे भोंगा शे," आणि मला अर्धी जुडी निवडायला दिलीस. मी निवडली. चिडत चिडत, पण निवडली. भाजी तू चांगली करायचीस, हे मात्र लिहून ठेवतो.

मग तुझं मूत्रपिंड. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, कारण दुखणं तूही तसंच दिसू दिलं नाहीस. ह्या वेळी मी कोणाचं ऐकलं नाही. जळगावला खाजगी दवाखाना, स्वतंत्र खोली. भाव करून घेतली, ते तुला आवडलं नाही. उशाशी बटण होतं. दाबलं की सिस्टर हजर. मी उगाच दाबायचो, तुला दाखवायला. पहिल्यांदा एक आली. दुसऱ्यांदा दुसरीच.

"किती जणी शेतस इथे?" तू विचारलंस.

"भरपूर. बघ, असं असतं."

तू दाराकडे बघत राहिलीस. बाहेर त्यांच्या चपलांचे आवाज, हसणं. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. माझं बरोबर होतं असं म्हणशील. तू त्यातल्या एकीला म्हणालीस, "बस गं जराशी." ती घाबरली, म्हणाली, ड्यूटीवर बसायची परवानगी नाही. तू म्हणालीस, "मी इन-चार्ज आहे, बस." ती बसली. तू तिला काहीच विचारलं नाहीस. नुसती तिच्याकडे बघत होतीस, जशी बाई दुसऱ्याच्या घरातली नवी भांडी बघते. ते समाधान होतं की हेवा होता? की मला चिडवत होतीस?

ती गेल्यावर मी विचारलं. तूही थकलेली होतीस, मीही. "अक्का, आता तरी सांग. आबांच्या वेळेस मला उठवलंस ते बरोबर होतं का?"

तू डोळे मिटलेस. "पंखा कमी कर," म्हणालीस. मी कमी केला. परत खुर्चीत बसलो. तू म्हणालीस, "आते झोपू दे माले." मी झोपू दिलं. पहाटे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

हे सगळं मी कावळ्यासाठी जपून ठेवलं होतं, आणि कावळा थांबला नाही. घरी येऊन तीन दिवस झाले. मग वैशाली आली.

वैशाली सिस्टर. तुझ्याच दवाखान्यातली. तुझ्या जागी आता तिला पुरुष वार्डाची इन-चार्ज केलं आहे. मी तिला तोंडओळखीने ओळखत होतो. ती बसली, पाणी प्यायली, आणि रडायला लागली. मला रडणाऱ्या बायकांपुढे काय करायचं ते कळत नाही, मी पंखा वाढवला.

"नाना, माझं सगळं अक्कांमुळे झालं," ती म्हणाली. "मी नवीन होते. तापाच्या साथीत मला अक्कांच्या मदतीला दिलं होतं, पुरुष वार्डात."

मी म्हटलं, "मदतीला? तिला कधी मदत मिळालीच नाही."

"मिळाली होती. मी. पण अक्कांनी मला एका दिवसातच बाळांच्या खोलीत पाठवलं. शेजारीच, मधे एक भिंत. तिथेही एकच सिस्टर होती. अक्का म्हणाल्या, माझ्या सलाईनकडे कोणाचाही काका बघेल. ही मूठभर बाळं काकाला कळत नाहीत."

मी विचारलं, "कुठली साथ?" मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

तिने मान खाली घातली. "तुमचे आबा गेले तीच. ते आले त्याच्या आधीच मी तिकडे गेले होते. नाना, मला हाक ऐकू आली होती. ते शिंपी ओरडले ना, भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी एका बाळाला रबरी पिशवी दाबून श्वास देत होते. हात सोडता येत नव्हता. आणि तिथली सिस्टर दुसऱ्या बाळाची नस शोधत होती."

अक्का, हे तू मला सांगितलं नाहीस. भाऊबीजेमागून भाऊबीज मी तुझ्यासमोर बसून म्हणत होतो की तुला दुसरी सिस्टर असती तर आबा वाचले असते, आणि तू ओवाळत होतीस. दुसरी सिस्टर होती! तुझी होती, आणि तू ती दिलीस. मी त्या पोरीसमोर उठून उभा राहिलो. माझा आवाज चढला असणार, कारण बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग मी एक गोष्ट विचारली. लोकांना ती वाईट वाटेल, पण मी आहे तसा आहे. कुठल्याही देण्याघेण्यात समोर काय पडलं ते मला बघावंच लागतं. "ते बाळ जगलं का?"

वैशाली म्हणाली, "संध्याकाळी त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तोवर श्वास चालू होता. पुढचं माहीत नाही, नाना."

"म्हणजे? कोणी विचारलं नाही?"

"रोज कोणाला ना कोणाला पाठवतो. कोण विचारणार?"

बघ, म्हणजे तेही नाही. ते बाळ जगलं असतं तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, माझा म्हातारा बाप गेला आणि कोणाचं तरी पोर उभं राहिलं. गेलं असतं तर तुझ्यावर पुरता चिडलो असतो, तेही एक प्रकारे सोपं होतं. तू मला दोन्हीतलं काहीच ठेवलं नाहीस.

मी खाली बसलो. वैशालीला वाटलं असावं की मी शांत झालो. तेव्हा तिने ज्यासाठी आली होती ते काढलं.

"एक ऑर्डर आली आहे. एक सिस्टर मिळते आहे. अधीक्षक म्हणाले, वैशाली, तू दोन्हीकडे काम केलं आहेस, तू म्हणशील तिथे देतो. पुरुष वार्डात, नाहीतर बाळांकडे. उद्या सांगायचं आहे." मग म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं पुरुष वार्डासाठी भांडलात. अक्का असत्या तर त्यांना विचारलं असतं. आता तुम्ही सांगा, नाना."

मी ताबडतोब म्हणालो, "दोन नाही मिळणार?"

रडून लाल झालेल्या तोंडाने ती हसली. "अक्का तेव्हा हेच म्हणाल्या होत्या. अगदी असंच. ऑफिसात दार लावून त्या साहेबांशी इतक्या भांडल्या, आम्ही बाहेर उभ्या राहून ऐकलं. टेबलावर काहीतरी आपटलं पण होतं. मग बाहेर आल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, जा तिकडे."

तू भांडली होतीस. तू टेबलावर आपटलं होतंस. आणि तेच अधीक्षक मला तुझी काही तक्रार नाही म्हणून सांगतात, आणि तू मेथी निवडत त्याला दुजोरा देतेस! घरच्या माणसाला इतकं बाहेर ठेवायचं असतं का? मी आरडाओरडा करेन म्हणून नाही सांगितलंस? केलाच असता. की मी विचारेन, अक्का, आपला बाप शेजारच्या खोलीत असताना तू हे केलंस? पण आबा तेव्हा आलेही नव्हते. पोरीला तू आधीच पाठवली होतीस. आबा आले तेव्हा परत बोलावता आली असती. आली असती ना? एक हाक पुरली असती. तू मारली नाहीस. की मारली होतीस आणि मी ऐकली नाही? मी तर सुरसिंगला हसवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत होतो, तापी काठाला, ओळखीच्या शेतकऱ्याची बाग. चांगला माल. तो म्हणाला, "बोला नाना." मला बोलताच येईना. तो घाबरला, त्याला वाटलं मी डाव टाकतोय, त्याने स्वतःच भाव उतरवला. मी म्हटलं, "थांब, उतरवू नकोस." असं मी जन्मात कोणाला म्हटलेलं नाही. माझा मुकादम माझ्याकडे बघत राहिला.

मी वाफ्याच्या कडेला जाऊन वैशालीला फोन लावला. लावेपर्यंत माझ्या तोंडात पुरुष वार्डच होता, खरं सांगतो. आबांसाठी. इतक्या वर्षांच्या भांडणासाठी. मी जिंकलो असतो, अक्का. एका शब्दात जिंकलो असतो, आणि तू अडवायला नव्हतीस.

"बाळांकडे दे," मी म्हणालो.

"बरं, नाना," ती म्हणाली. मला वाटलं ती कारण विचारेल. मी जुळवत होतो काय सांगायचं ते. पण मागून कोणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून ओरडलं, आणि ती वार्डात एकटीच होती, तिने फोन ठेवला.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. मी तुझ्या बाजूला आलो असंही नाही. मी कुठल्या बाजूला आहे तेच मला समजत नाही, आणि वयाच्या ह्या टप्प्यावर मला हे शोभत नाही. आता त्या वार्डात कोणाचा तरी बाप पंख्याखाली पडलेला असेल, त्याच्या पोराला वैशाली उठवून दुसऱ्यापाशी बसवेल, आणि एक दिवस हाक पोचणार नाही. तो पोरगा मला शोधत येईल. माझ्यासारखाच असेल, गरम डोक्याचा. दारात उभा राहून विचारेल, दुसरी सिस्टर तिकडे द्यायला तुम्ही सांगितलं, ते बरोबर केलं की चूक?

त्याला मी घरात घेईन. पाणी देईन. जेवला का विचारेन. पण त्यापुढे काय बोलायचं, अक्का, ते तुला माहीत होतं का? की तुलाही माहीत नव्हतं, म्हणून तू पंखा कमी करायला सांगितलास?